नामिए अमुरो: ग्रुपमधल्या नाचऱ्या मुलीपासून सोलो गायिकेपर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जपानी भाषा शिकणारी मुलं, नव्यानं जे-पॉपकडे वळलेले श्रोते आणि नव्वदच्या दशकातली गाणी शोधत आलेले जुने लोक, या सगळ्यांकडून नामिए अमुरोबद्दल तेच तेच प्रश्न येतात. 'ती ग्रुपमधून सोलो कशी झाली?' हा त्यातला सर्वांत जास्त वेळा आलेला. त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून सगळे प्रश्न एकत्र केले आहेत. जिथे उत्तर आधी येऊन गेलंय तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नामिए अमुरो कोण? थोडक्यात सांगाल का?

जपानची पॉप गायिका. जन्म २० सप्टेंबर १९७७, ओकिनावातल्या नाहा शहरात. १९९२ मध्ये 'सुपर मंकीज' या मुलींच्या ग्रुपमधून पदार्पण, १९९५ मध्ये सोलो, आणि १६ सप्टेंबर २०१८ ला निवृत्ती. किशोरवयात, विशीत, तिशीत आणि चाळिशीत, अशा चारही टप्प्यांत तिच्या एकेका अल्बमच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. जपानमध्ये हे तिच्याआधी कुणाला जमलं नव्हतं.

२. 'नामिए अमुरो' म्हणायचं की 'अमुरो नामिए'?

दोन्ही बरोबर. जपानीत आडनाव आधी येतं, म्हणून तिथे 'अमुरो नामिए'. 'नामिए' म्हणताना ना-मि-ए असे तीन सुटे स्वर उच्चारायचे, 'नामी' म्हणून थांबायचं नाही. चाहते तिला प्रेमानं 'अमुरो-चान' म्हणतात, पन्नाशीचे चाहतेसुद्धा.

३. ती नाच कुठे शिकली?

नाहातल्या ओकिनावा ॲक्टर्स स्कूलमध्ये. मासायुकी माकिनो यांनी १९८३ मध्ये ही शाळा काढली. पुढे स्पीड, मॅक्स, दा पंप असे एकामागून एक ग्रुप तिथून बाहेर पडले आणि टोकियोपासून इतक्या दूरचं हे बेट नव्वदच्या दशकात जपानी पॉपचं माहेरघर झालं.

अमुरो तिथे स्वतःसाठी गेलीच नव्हती. मैत्रिणीला सोबत म्हणून गेली आणि माकिनोंच्या नजरेत भरली. घरी आई एकटी तीन मुलांना वाढवत होती, शाळेची फी परवडणारी नव्हती. माकिनोंनी फी माफ करून तिला घेतलं. बसला पैसे नसायचे, म्हणून दीड-दीड तास पायी जायची. मला तिच्या कुठल्याही विक्रमापेक्षा ही पायपीट जास्त महत्त्वाची वाटते. तिच्या नाचात मुरलेला दमसास आणि शिस्त मला त्या रस्त्यावरची वाटते.

आणि एक नाव इथेच सांगून ठेवतो, कारण ते पुढे पुन्हा येईल: अमेरिकी गायिका जॅनेट जॅक्सन. तिचे व्हिडिओ पाहून या मुलीनं ठरवलं की आपल्याला असं नाचता नाचता गायचंय.

४. सुपर मंकीजमध्ये ती गायची की नुसती मागे नाचायची?

हा प्रश्न आपल्याकडून फार येतो, आणि तो का येतो हे मला कळतं. पडद्यावर नाचणारी एक आणि आवाज दुसरीचा, याची आपल्याला सिनेमानं सवय लावली आहे. पण बैठकीची लावणी आठवा. गाणारीच अदा करते, तिथे गळा आणि अंग वेगळं काढता येत नाही. ॲक्टर्स स्कूलची घडण त्या जातीची होती. प्रत्येक मुलीनं गायचं आणि प्रत्येकीनं नाचायचं.

१६ सप्टेंबर १९९२ ला पाच जणींनी पदार्पण केलं तेव्हा अमुरो मध्यभागी नव्हती. ग्रुपची म्होरकी होती आन्ना माकिनो, शाळेच्या संस्थापकांची मुलगी. आन्ना लवकरच बाहेर पडली, चौघी उरल्या आणि मधली जागा अमुरोकडे आली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. म्हणजे 'मागे नाचणारी मुलगी पुढे आली' हे अगदीच खोटं नाही, पण ती पहिल्यापासून गात होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

५. सुरुवातीला हा ग्रुप चालत नव्हता म्हणतात. मग एकदम काय झालं?

चालत नव्हता हे खरं. त्या काळात अमुरो लहान मुलांच्या 'पोनकिकीज' या टीव्ही कार्यक्रमात सशाचे कान लावून नाचायची. रानरान सुझुकी आणि ती, दोघी मिळून 'सिस्टर रॅबिट्स'. आज ते जुने तुकडे पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. कान हलतात, पोशाख बोजड आहे, समोर बालवाडीतली मुलं आहेत, आणि तरी एकही पाऊल उरकून टाकलेलं नाही.

कलाटणी मिळाली २५ जानेवारी १९९५ ला. 'ट्राय मी' हे युरोबीट गाणं जपानीत आलं. त्यामागे एव्हेक्स या रेकॉर्ड कंपनीचे मॅक्स मात्सुउरा होते. युरोबीट म्हणजे इटलीत तयार होणारं वेगवान, सिंथेसायझरवरचं डान्स संगीत, टोकियोच्या डिस्कोंमध्ये त्याची चलती होती. तोवरची ग्रुपची गाणी गोड, ठरावीक आयडल छापाची (आयडल म्हणजे कंपनीनं घडवलेली, लोकांची लाडकी तरुण पॉप कलाकार). हे गाणं मात्र नाचणाऱ्यांसाठीच बनलेलं होतं. जे अंगात होतं त्याला साजेसं गाणं पहिल्यांदा मिळालं, आणि सात लाखांवर प्रती गेल्या.

६. ती नेमकी सोलो कधी झाली? वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी तारीख दिसते.

दिसणारच, कारण हा बदल एका रात्रीत झाला नाही. सीडीच्या मुखपृष्ठावर नाव कसं छापलंय ते पाहत गेलात तर सगळा उलगडा होतो.

आधी नुसतं 'सुपर मंकीज'. मग 'नामिए अमुरो विथ सुपर मंकीज', जे 'ट्राय मी'वरही दिसतं, म्हणजे तिचं नाव पुढे आलं आणि ग्रुप 'सोबत' झाला. एप्रिल १९९५ च्या 'ताइयो नो सीझन'वर तिचं एकटीचं नाव आहे, पण कंपनी जुनीच, तोशिबा ईएमआय, आणि मागचे आवाज ग्रुपचेच. शेवटी २५ ऑक्टोबर १९९५ ला एव्हेक्समधून 'बॉडी फील्स एग्झिट' आलं. नवी कंपनी, नवा संगीतकार तेत्सुया कोमुरो, एकटी ती.

म्हणून काही जण एप्रिल धरतात, बरेचसे ऑक्टोबर धरतात. मी ऑक्टोबर धरतो. नाव एकटीचं असून घडी जुनीच असेल तर त्याला सोलो म्हणायला मन धजत नाही.

एक बारकावा: 'बॉडी फील्स एग्झिट' पहिल्या क्रमांकावर गेलं नाही. तो मान दीड महिन्यानं आलेल्या 'चेस द चान्स'ला मिळाला. त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री ती 'कोहाकु'त पहिल्यांदा गायली. कोहाकु म्हणजे एनएचकेचा ३१ डिसेंबरचा गाण्यांचा कार्यक्रम. जपानी घरात तो लावल्याशिवाय वर्ष संपत नाही.

७. बाकीच्या मुलींना वाऱ्यावर सोडलं का?

नाही. हा गैरसमज आधी काढून टाका. मधल्या काळात ग्रुपमधल्या काही जणी बदलल्या होत्या. अमुरोशिवायच्या चौघी, नाना, मिना, लिना आणि रेना, यांनी अमुरोच्या सोलो सीडीच्याही आधी, मे १९९५ मध्ये, 'मॅक्स' या नावानं एव्हेक्समधूनच स्वतःचं पदार्पण केलं होतं. १९९७ साली त्यांचं 'गिव्ह मी अ शेक' पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्या वर्षापासून सलग पाच वर्षं त्या कोहाकुत होत्या.

मला हा भाग फार आवडतो. एक पुढे गेली की मागच्यांच्या वाट्याला अंधार, हीच गोष्ट आपण सहसा ऐकतो. इथे मागे नाचणाऱ्या चौघींनी आपला स्वतंत्र संसार थाटला. अमुरोचं सोलो होणं समजून घ्यायचं तर मॅक्सचंही एखादं गाणं पाहा. चौघींचे हात एकाच क्षणी एकाच कोनात थांबतात. अमुरो तशीच घडली होती आणि एकटी झाल्यावर तिला तो कोन बाकीच्या तिघी-चौघींशिवाय धरून ठेवावा लागला.

८. तेत्सुया कोमुरोचा यात वाटा किती?

पहिल्या टप्प्यात फार मोठा. कोमुरो तेव्हा जपानी पॉपचा राजाच होता. टीआरएफ, ग्लोब, तोमोमी काहारा अशा कित्येकांची गाणी त्याच्या हातून यायची. अमुरोसाठी त्यानं 'डोन्ट वॉना क्राय' केलं, त्याला १९९६ चा जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळाला. ती तेव्हा १९ वर्षांची, तोवरची सर्वांत लहान मानकरी. 'स्वीट नाइन्टीन ब्लूज' हा अल्बम तीस लाखांच्या पुढे गेला. मग फेब्रुवारी १९९७ मध्ये 'कॅन यू सेलिब्रेट?' आलं आणि जवळपास २३ लाख प्रती खपल्या. सोलो गायिकेचं जपानमधलं सर्वाधिक खपाचं सिंगल ते हेच. पुढे कित्येक लग्नांत ते वाजत राहिलं.

पण त्याची दुसरी बाजू आहे. कोमुरोच्या चाली उंच पट्टीत चढतात, शब्द दाटीवाटीनं येतात, आणि वरून तिला पूर्ण नाचही करायचा. त्या रेकॉर्डिंग ऐकताना ती गाण्याच्या मागे धावतेय असं मला अधूनमधून वाटतं. गाणं तिच्या मापाचं होणं पुढे कधी घडलं, ते प्रश्न १२ मध्ये.

९. 'अमुरा' म्हणजे काय?

तिच्यासारखी वेशभूषा करणाऱ्या मुली. कोरून बारीक केलेल्या भुवया, तपकिरी रंगवलेले लांब केस, उन्हानं रापलेली त्वचा, आखूड स्कर्ट, उंच टाचांचे बूट. १९९६ च्या गाजलेल्या नव्या शब्दांच्या यादीत 'अमुरा' होता. यातली रापलेली त्वचा मोलाची. गोरेपणाचं कौतुक तिथेही आपल्याइतकंच, आणि ओकिनावाच्या एका मुलीनं ते काही वर्षांसाठी उलटं करून दाखवलं.

१०. वयाच्या विसाव्या वर्षी लग्न? कंपनीनं कसं होऊ दिलं?

२२ ऑक्टोबर १९९७ ला तिनं टीआरएफचा नर्तक साम याच्याशी लग्न केल्याचं आणि आपण गरोदर असल्याचं पत्रकार परिषदेत सांगितलं. त्या दिवशीचा तिचा बर्बेरीचा चौकड्यांचा आखूड स्कर्ट दुकानांतून संपला, हे त्या काळच्या कुणालाही विचारा.

आयडल म्हणजे 'कुणाचीच नसलेली' मुलगी, असा जपानमधला अलिखित करार. प्रियकर आहे एवढं कळलं तरी माफी मागावी लागते अशा धंद्यात, लोकप्रियतेच्या शिखरावर असताना लग्न, गरोदरपण आणि वर्षभराची रजा एका दमात जाहीर करणं ही साधी गोष्ट नव्हती. त्या ३१ डिसेंबरला कोहाकुत लाल गटाचं, म्हणजे गायिकांच्या गटाचं, शेवटचं, मानाचं गाणं तिनं म्हटलं आणि १९९८ चं जवळजवळ पूर्ण वर्ष ती दिसली नाही. मे महिन्यात मुलगा झाला.

बरोबर एक वर्षानं ती त्याच मंचावर परतली. तेच 'कॅन यू सेलिब्रेट?'. पहिल्या ओळींनाच गळा दाटून आला. ओठ थरथरतात, डोळे भरतात, सूर हलतो, ती तो सावरते, पुन्हा हलतो. मी हे चित्रण कितीदा पाहिलं असेल मोजलेलं नाही. तिच्या हजार नेटक्या सादरीकरणांपेक्षा मला हे एक विस्कटलेलं जवळचं वाटतं.

११. मग उतार का लागला?

एकच कारण नाही. वर्षभराची रजा होती. परतताना मैदान बदललं होतं: १९९८-९९ मध्ये हिकारू उतादा आणि आयुमी हामासाकी या नव्या गायिका आल्या. कोमुरोचा काळही ओसरत होता. मार्च १९९९ मध्ये तिच्या आईचा खून झाला. त्याबद्दल पुष्कळ विचारणा होते, पण याहून जास्त मी लिहीत नाही. ती कामावर परतली, एवढं पुरे. २००० मध्ये ओकिनावात जी-८ शिखर परिषद झाली, तिच्यासाठीचं 'नेव्हर एंड' तिनं गायलं. २००२ मध्ये घटस्फोट झाला. खप दहा लाखांवरून हजारांवर आला.

१२. कोमुरोला सोडल्यावर तिनं काय केलं?

माझ्या मते खरी सोलो कारकीर्द इथून सुरू होते. १९९५ मध्ये तिला सोलो केलं गेलं. मोठ्या माणसांनी ठरवलं, तिनं जीव ओतून निभावलं. २००१ नंतर मात्र ती स्वतःहून सोलो झाली.

ऑगस्ट २००१ चं 'से द वर्ड' हे कोमुरोशिवायचं पहिलं सिंगल, शब्द तिचेच. मग २००३ मध्ये 'स्वीट शिक' नावाचा प्रकल्प. झीब्रासारख्या हिप-हॉपवाल्यांबरोबर तिनं आर अँड बीचा अल्बम केला आणि मुखपृष्ठावर 'नामिए अमुरो' हे नाव बाजूला ठेवलं. जिच्या नावावर लाखो प्रती खपतात तिनं नाव काढून ठेवायचं, याला हिंमत लागते. तिथे तिला हवा असलेला ताल सापडला. मंद, जड, अंगाला जागा देणारा. जॅनेट जॅक्सन पाहत मोठी झालेल्या मुलीला घरी आल्यासारखं वाटलं असणार.

त्यानंतर 'स्टाइल' (२००३) आणि 'क्वीन ऑफ हिप-पॉप' (२००५). टी. कुरा, मिचिको, नाओवायएमटी ही मंडळी आता तिच्यासाठी लिहीत होती. 'स्टाइल' फारसा खपला नाही. मोठी स्टेडियम सोडून ती सभागृहांत गात फिरली, पण दिशा सोडली नाही. २००७ मध्ये 'प्ले' पहिल्या क्रमांकावर आला. २००८ चा 'बेस्ट फिक्शन' पंधरा लाखांवर गेला. ती तेव्हा तीस वर्षांची होती. २०१२ मध्ये पदार्पणाला वीस वर्षं झाली म्हणून जपानच्या पाचही मोठ्या डोममध्ये, म्हणजे छप्पर असलेल्या स्टेडियममध्ये, तिचा दौरा झाला.

१३. ती कार्यक्रमात प्रेक्षकांशी बोलतच नसे, हे खरं का?

खरं. जपानमध्ये गाण्यांच्या मधल्या गप्पांना 'एमसी' म्हणतात आणि आयडलच्या कार्यक्रमात त्याला गाण्याइतकंच महत्त्व. अमुरोनं तो भाग हळूहळू काढूनच टाकला. सुमारे दोन तास, तीसच्या आसपास गाणी, उंच टाचा, सलग. शेवटी थोडेसे शब्द, हात हलवून निरोप, संपलं.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे तुसडं वाटू शकतं. मला ते तसं वाटत नाही. ग्रुपमध्ये दमलीस तर बाकीच्या तुझी ओळ उचलतात, गप्पांत श्वास मिळतो. एकटीला तो आधार नाही, आणि तिनं उरलेला गप्पांचा आधारही नाकारला. बोलण्याची तिला पहिल्यापासून भीड, नाचण्याची कधीच नाही.

१४. मग तिला आयडल म्हणायचं की आर्टिस्ट?

दोन्ही शब्द जपानीत आहेत आणि त्यांच्यात पंक्तिभेद आहे. आयडलवर लोक 'तिला वाढताना पाहू' म्हणून जीव लावतात, आर्टिस्टला कामावर तोलतात. सुपर मंकीजमधली अमुरो आयडल, २००५ ची आर्टिस्ट, याबद्दल वाद नाही. वाद १९९६ चा आहे. गाणी दुसऱ्याची, प्रतिमा कंपनीनं घडवलेली, पण नाच, आवाज आणि प्रश्न १० मधला निर्णय तिचा. तिच्यामुळेच या दोन शब्दांमधली भिंत पातळ झाली असं मला वाटतं, म्हणून त्या वर्षापुरता मी कुठलाच शिक्का मारत नाही.

१५. हल्लीच्या आयडल ग्रुपमधून 'ग्रॅज्युएट' होतात. अमुरोही ग्रॅज्युएट झाली का?

नाही. ग्रॅज्युएशनला जपानीत 'सोत्सुग्यो' म्हणतात. शाळेसारखाच तिथे निरोप समारंभ होतो, ग्रुप मागे तसाच चालू राहतो आणि नवी मुलगी जागा घेते. २०१२ मध्ये आत्सुको माएदा एकेबी ४८ या आयडल ग्रुपमधून अशी बाहेर पडली. अमुरोच्या बाबतीत मागे ग्रुपच उरला नाही. एका वेलीला दोन फांद्या फुटल्या, एक ती आणि एक मॅक्स (प्रश्न ७).

अपवाद आजही असतात. युरिना हिराते ही केयाकीझाका ४६ या आयडल ग्रुपची मध्यवर्ती नर्तकी-गायिका होती. जानेवारी २०२० मध्ये ती गेली तेव्हा 'सोत्सुग्यो' न म्हणता 'दात्ताइ', म्हणजे बाहेर पडणं, हा शब्द वापरला गेला. चाहते त्या एका शब्दानं हादरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिनं सोलो गाणं आणलं, 'दान्सु नो रियू', म्हणजे नाचण्याचं कारण. ग्रुपच्या नाचातून सोलोकडे जाणारी वाट आजच्या काळात पाहायची असेल तर तिच्यापासून सुरुवात करा.

१६. निवृत्ती इतक्या लवकर का?

२० सप्टेंबर २०१७ ला, चाळिसाव्या वाढदिवशी, तिनं संकेतस्थळावरून जाहीर केलं: अजून एक वर्ष. नोव्हेंबरात 'फायनली' हा संग्रह आला, वीस लाखांवर गेला. डिसेंबरात १४ वर्षांनी कोहाकुत आली आणि एनएचकेच्या रिओ ऑलिंपिक प्रक्षेपणासाठी गायलेलं 'हीरो' म्हटलं. शेवटचा दौरा ३ जून २०१८ ला टोकियो डोममध्ये संपला. १५ सप्टेंबरला ओकिनावातल्या गिनोवानमध्ये शेवटचं गायली आणि दुसऱ्या दिवशी, पदार्पणाला बरोबर २६ वर्षं होताना, थांबली. अंगात नाच शिल्लक असताना थांबायचं तिनं ठरवलं आणि तारीख स्वतः निवडली, एवढं तरी त्यातून नक्की दिसतं.

१७. तिची गाणी ॲपवर सापडत नाहीत. माझ्याच फोनचा घोळ आहे का?

तुमचा फोन ठीक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिची गाणी स्ट्रीमिंगवरून अचानक नाहीशी झाली. म्हणून सीडी-डीव्हीडीच खरी. जपानला कुणी शिकायला किंवा नोकरीला जात असेल तर जुन्या सीडींच्या दुकानात डोकावायला सांगा. नव्वदच्या दशकात लाखांनी खपल्यामुळे तिच्या सीडी तिथे सहज आणि स्वस्त मिळतात.

एकच मिळणार असेल तर शेवटच्या दौऱ्याची डीव्हीडी मागवा, दहा लाखांवर खपलेली तीच. दोन मिळणार असतील तर दुसरी 'क्वीन ऑफ हिप-पॉप'. आणि त्यातलं 'वाँट मी, वाँट मी' लावाल तेव्हा उभं राहून ऐका.